धागा: भाचीला डेटा सायन्स करायचंय. सीएस (कॉम्प्युटर सायन्स), एआय-एमएल (आर्टिफिशियल इंटेलिजन्स-मशीन लर्निंग) की सरळ बीएस्सी स्टॅटिस्टिक्स?

खानापूरचा झेरॉक्सवाला:
मंडळी, खानापुरात माझं झेरॉक्स आणि ऑनलाईन अर्जांचं दुकान आहे. सीईटीचे अर्ज, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नंतर केईएची (कर्नाटकची प्रवेश परीक्षा घेणारी संस्था) ऑप्शन एन्ट्री, म्हणजे कॉलेज-ब्रांचची पसंतीची यादी, सगळं आमच्याकडेच होतंय. हल्ली पोरं येतात आणि यादीत पहिलं काय घालू म्हटलं की डोळे झाकून 'एआय-एमएल' सांगतात. कॉलेज कुठलं का असेना, नावात एआय पाहिजे. मी आपलं घालून देतो. माझं काम बटण दाबायचं, सल्ला द्यायचं नव्हे.

आता प्रकरण घरातच आलंय बगा. भाचीचं गाव जांबोटीच्या पुढं. दहावीपर्यंत गावच्या मराठी शाळेत. पीयुसीला (म्हणजे अकरावी-बारावीला) बेळगावात आली आणि पीसीएमसी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, कॉम्प्युटर) घेतलं. सुरुवातीला वर्गात काय चाललंय तेच कळत नव्हतं तिला, गणित येत होतं पण सगळे शब्द इंग्रजी. नंतर सावरली. दुसऱ्या पीयुसीची परीक्षा झाली, केसीईटी, म्हणजे कर्नाटकची सीईटी, तोंडावर आलीय. म्हणते डेटा सायंटिस्ट व्हायचं. दाजी म्हणतात नोकरी लागंल असं काय तरी घाला. बहीण म्हणते पोरीला लांब पाठवायचं नाही. आणि सगळे माझ्याकडं बघूलालेत, कारण मी 'कॉम्प्युटरमधला माणूस'!

तर सांगा: सीएस घालू, एआय-एमएल घालू, का बीएस्सी? बीसीए पण कोणतरी सांगितलं. महाराष्ट्रात पाठवून काही फायदा आहे का? जरा सविस्तर लिहा, इथले बाकीचे पालकपण वाचतील.

मिरचीभजी:
मामा, मेडिकलला घाला. डेटा सायन्स म्हणजे काय ते आधी दाजींना समजावून सांगा, मग आम्ही आहोतच.

टिळकवाडीची:
मी या कामात आहे, बेंगळूरला. माझी वाट जरा वेगळी होती. इंजिनिअरिंग नाही, बीएस्सीला गणित-स्टॅटिस्टिक्स-कॉम्प्युटर आणि मग धारवाडला एमएस्सी स्टॅटिस्टिक्स. आमच्या टीममध्ये सीएसवाले आहेत, एक इलेक्ट्रिकलचा आहे, एक इकॉनॉमिक्सची आहे. त्यामुळे 'अमुक डिग्रीच पाहिजे' असं कोणी ठामपणे सांगत असेल तर तो बहुतेक त्या कॉलेजचा एजंट असेल.

डिग्रीचं नाव बाजूला ठेवा आणि तीन-चार वर्षांत पोरगी नक्की काय शिकणार ते बघा. प्रॉबॅबिलिटी आणि स्टॅटिस्टिक्स नीट, म्हणजे एका पेपरपुरतं नाही. लिनिअर अल्जेब्रा. थोडं कॅल्क्युलस. एक प्रोग्रामिंगची भाषा हातात बसलेली, हल्ली पायथॉनच. आणि डेटाबेस, म्हणजे एसक्यूएल. शेवटचं सगळ्यात कंटाळवाणं वाटतं, पण दिवसातला बराच वेळ मी तेच करते. मशीन लर्निंग यावर चढतं. खालचं कच्चं असेल तर मॉडेल चालवता येतं, पण ते चुकीचं सांगतंय हे कळत नाही.

आता रोजचं काम काय असतं ते सांगते, म्हणजे दाजींना पण वाचून दाखवता येईल. कंपनीनं ॲपमध्ये एक बदल केला. निम्म्या गिऱ्हाइकांना जुनं दाखवलं, निम्म्यांना नवं. नव्यात विक्री जरा जास्त दिसली. साहेब खूश, सगळीकडे लावून टाका म्हणाले. आमचं काम तिथं सुरू होतं: हा फरक खरा आहे का नुसता योगायोग? दोन्ही गट सारखे होते का? का नवं ॲप ज्यांच्या फोनवर चाललं ते मुळातच महागडे फोनवाले, म्हणून जास्त खरेदी? याचं उत्तर कुठल्याही सॉफ्टवेअरच्या बटणात नसतं, ते स्टॅटिस्टिक्समध्ये असतं. म्हणून माझं मत विचाराल तर जिथं स्टॅटिस्टिक्स जास्त आणि नीट शिकवतात तिकडं कल ठेवा.

चिकोडी फास्ट पॅसेंजर:
मी सध्या एआय-एमएलच्या शेवटच्या वर्षाला आहे, व्हीटीयूखालच्या (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ) एका कॉलेजात. (नाव सांगत नाही, अजून रिझल्ट लागायचाय.) ताईंचं खरं आहे पण प्रत्यक्षातलं सांगतो. ब्रांचमध्ये तसं वाईट काही नाही. विषय बरेचसे सीएसचेच असतात: डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टिम, डीबीएमएस. पुढं काही पेपर एआयचे येतात. अडचण शिकवणाऱ्यांची. ब्रांच एकदम निघाल्या, सीटा एकदम वाढल्या, मशीन लर्निंग स्वतः केलेले सर कुठून आणायचे? आमच्यात मिनी प्रोजेक्टला अर्ध्या वर्गानं घराच्या किमतीचा अंदाज सांगणारं तेच ते मॉडेल नेटवरून उचललं. अमेरिकेतल्या एका शहरातली घरं. बेळगावातल्या घराची किंमत कशावरून ठरते असं व्हायवाला विचारलं असतं तर सगळे गारद.

म्हणून मामा, चांगल्या कॉलेजची सीएस मिळत असेल तर ती सोडून लांबच्या नव्या कॉलेजची एआय-एमएल घालू नका. आयएस (इन्फर्मेशन सायन्स) पण चालते, फरक नावालाच.

उद्यमबाग फौंड्री:
मी मेकॅनिकलवाला, त्यामुळे या धाग्यात माझं काय काम असं वाटेल. पण एक गोष्ट सांगतोच.

उद्यमबागेत एका फौंड्रीत क्वालिटीला होतो. कास्टिंगचं रिजेक्शन वाढलं होतं, ब्लोहोल (आत हवेची भोकं) यायचे. मालकांनी बाहेरून डेटा ॲनालिटिक्सवाले बोलावले. त्यांनी वर्षभराची रजिस्टरं मागितली, स्कॅन केली, एक्सेलमध्ये भरली आणि महिन्याभरानं रंगीत प्रेझेंटेशन दाखवलं: ओतण्याच्या तापमानाचा रिजेक्शनशी काही संबंध नाही! मोल्डिंगवाले हसायला लागले. संबंध कसा निघणार? रजिस्टरात तापमानाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत १३८०, १३८०, १३८०. शिफ्ट संपताना सुपरवायझर एका दमात भरत होता. पायरोमीटरची कांडी दर लाडलला घातलीच नव्हती. वाळूच्या ओलाव्याचंही तसंच, सकाळी एकदा बघायचं आणि तोच आकडा दिवसभर लिहायचा.

त्या पोरांना मॉडेल येत होतं, पायथॉन येत होतं. एकानंही शॉपवर येऊन 'हा आकडा कोण लिहितो, कधी लिहितो' असं विचारलं नाही. एकच आकडा सलग शंभर वेळा दिसला तर शंका यायला पाहिजे की नको?

सांगायचा मुद्दा, सीएसच पाहिजे असं नाही. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, ॲग्री करून वर डेटाचं शिकलेला माणूस आमच्यासारख्या ठिकाणी जास्त उपयोगी. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने किती, फौंड्र्या किती, हत्तरगीला विमानाचे पार्ट होतात. सगळीकडं आकडे पडलेत, वाचणारा नाही.

चिकोडी फास्ट पॅसेंजर:
फौंड्री काका, ऐकायला भारी आहे, पण कॅम्पसला कंपनी आली की पहिल्या गाळणीत ब्रांच बघतात. मेकॅनिकलच्या मित्राला कोडिंग माझ्यापेक्षा बरं येतं, तरी त्याला बऱ्याच ठिकाणी अर्जच करता आला नाही. फौंड्रीत पगार किती देतात तेही सांगा की ओ.

उद्यमबाग फौंड्री:
पगाराचं विचारू नकोस बाबा, जखमेवर मीठ. तुझं बरोबर आहे, पहिली नोकरी ब्रांचवर मिळते. मी दहा वर्षांनंतरचं बोलतोय, तू पहिल्या वर्षाचं. मामांच्या भाचीला दोन्ही लागणार.

कडोलीचे गुरुजी:
निवृत्त आहे, हायस्कूलला गणित शिकवलं. मला तुमचं पायथॉन वगैरे समजत नाही, पण वर कोणी स्टॅटिस्टिक्सचं नाव काढलं म्हणून राहवलं नाही. आपल्याकडे हा विषय उपरा असल्यासारखं बोलतात. सी. आर. राव यांचा जन्म १९२० चा, हूविन हडगलीचा, म्हणजे आपल्याच राज्यातला. त्यांचं नाव लागलेली सूत्रं आज जगभर शिकवतात. पां. वा. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. पिकाचं उत्पन्न थोड्या शेतांवरून कसं काढायचं, माणसाला खायला किती लागतं, यावर त्यांनी काम केलं, जागतिक अन्न संघटनेपर्यंत गेले. महालनोबिसांनी इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट (आयएसआय) १९३१ साली काढली. डेटा सायन्स नाव नवं असेल, धंदा जुना आहे.

झेरॉक्सवाले, ब्रांच निवडायच्या आधी भाचीला एक गणित घाला. एक रोग एक हजारात एकाला होतो. त्याची तपासणी १०० पैकी ९९ वेळा बरोबर निघते, रोग्यालाही आणि निरोग्यालाही. एकाची तपासणी पॉझिटिव्ह आली. त्याला खरंच रोग असण्याची शक्यता किती? दुसऱ्या पीयुसीच्या पुस्तकात बेजचं प्रमेय आहे, तेवढं पुरे. उत्तर येतं का हे महत्त्वाचं नाही. उत्तर आल्यावर ती काय म्हणते ते मला कळवा.

मिरचीभजी:
९९ टक्के. यात काय गणित?

कडोलीचे गुरुजी:
बसा खाली.

निपाणी बाजूला:
मामा, महाराष्ट्राचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी त्या वाटेनं गेलोय. महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात उमेदवारांचे प्रकार असतात, ए पासून. त्यातला 'टाईप ई' आपल्यासाठी आहे: वादग्रस्त सीमाभागातल्या शाळा-कॉलेजातून दहावी किंवा बारावी झालेले, किंवा तिथले रहिवासी, आणि मातृभाषा मराठी. यात बसलं की परराज्यातला म्हणून बाजूला पडत नाही, महाराष्ट्राच्या उमेदवारांत धरतात. महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या ८६५ गावांत गाव असलं पाहिजे. बेळगाव, निपाणी, खानापूर भागातली बरीचशी गावं आहेत.

मात्र महाराष्ट्राची एमएचटी-सीईटी द्यावी लागते, नुसत्या केसीईटीवर चालत नाही. आणि दोन्ही परीक्षांचा बाज वेगळा. केसीईटीला एका विषयाला ६० प्रश्न आणि ८० मिनिटं, चुकीला मार्क कापत नाहीत. शिवाय रँक काढताना पीयुसीचे मार्क निम्मे धरतात, म्हणजे बोर्डाची मेहनत वाया जात नाही. एमएचटी-सीईटी महाराष्ट्र बोर्डाच्या पुस्तकांवर बेतलेली, आपल्याकडे पीयुसीला एनसीईआरटी. धडे बहुतेक तेच, पण मांडणी आणि प्रश्नांची सवय वेगळी. फिजिक्स-केमिस्ट्री मराठीतून देता येते, गणित मात्र इंग्रजीतच. पीयुसी इंग्रजीतून केलेल्या पोरीला आता मराठीतून द्यायला सांगू नका, घोळ होईल.

फायदा काय म्हणाल तर कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी घरापासून लांब नाही. आमच्या निपाणीला तर बेळगावापेक्षा कोल्हापूर जवळ. सांगलीचं वालचंद, इचलकरंजीचं डीकेटीई, कोल्हापूरचं केआयटी ही नावं जुनी आहेत.

खानापूरचा झेरॉक्सवाला:
टाईप ई! इतके अर्ज भरले, पण महाराष्ट्राचा फॉर्म भरायला आमच्याकडं कोण येतच नाही. बरं झालं सांगितलात. याचा उलटा प्रकार मला माहीत आहे. केईएत जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, गडहिंग्लजच्या कन्नड पोरांसाठी 'गडिनाडू कन्नडिग' म्हणून सोय आहे. दोन्ही सरकारं एकमेकांच्या पोरांना बोलावूलालेत आणि पोरांनाच पत्ता नाही, काय म्हणायचं!

कॉलेजमधला मास्तर:
इंजिनिअरिंगला शिकवतो, कॉम्प्युटर सायन्सलाच. तीन-चार गोष्टी.

व्हीटीयूच्या २०२२ च्या स्कीममध्ये सीएसला तिसऱ्या सेमिस्टरला गणिताचा पेपर आहे, त्यात प्रॉबॅबिलिटी डिस्ट्रिब्युशन, मार्कोव्ह चेन, हायपोथेसिस टेस्टिंग येतं. म्हणजे अगदीच नाही असं नाही. पण चार महिन्यांत एवढं सगळं, त्यात मध्ये इंटर्नल्स. पोरं सूत्रं पाठ करतात, पास होतात, विसरतात. पुढं मी मशीन लर्निंग घेतो तेव्हा 'पी व्हॅल्यू' म्हटलं की सगळ्यांच्या माना खाली. सीएस घेतलं तर स्टॅटिस्टिक्स स्वतःचं स्वतः वाढवायला लागणार हे धरून चला. उलट बीएस्सी स्टॅटिस्टिक्स घेतलं तर कोडिंग स्वतः वाढवायला लागतं. टिळकवाडीच्या ताईंनी केलंच असणार.

कॉलेज बघायला जाल तर वेबसाईटवरचे पॅकेजचे आकडे बघू नका. डिपार्टमेंटला जा. तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या पोराला गाठा, 'लॅब मशीन किती चालू आहेत, प्रोजेक्ट कोण बघतं, सरांनी सोडलं तर मध्येच कोण येतं' एवढं विचारा. कँटीनमध्ये खरी माहिती मिळते.

धारवाडला आयआयआयटी आहे, तिथं डेटा सायन्स आणि एआयची बीटेक आहे. पण प्रवेश जेईई मेनवर. भाचीनं दिली असेल तर विचार करा.

आणखी एक. गावच्या शाळेत पहिली ते दहावी झालीय म्हणालात, म्हणजे ग्रामीण कोट्याला पात्र आहे. ते सोडू नका.

खानापूरचा झेरॉक्सवाला:
ग्रामीणचं भरलंय सर, ते आमचं रोजचंच. थ्री-बी आरक्षणाचं पण आहे, उत्पन्नाच्या दाखल्याला नाडकचेरीत नंबर लावलाय. इतरांसाठी सांगतो: ग्रामीणला पहिली ते दहावी दहाही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत पाहिजेत. एखादं वर्ष मामाकडं बेळगावात शिकलं तर गेलं. दरवर्षी कोण ना कोण यात अडकतंय. आणि ज्यांनी अकरावी-बारावी कोल्हापूरला केली त्यांनी घाबरू नका, कर्नाटकात सात वर्षं शिक्षण आणि दहावी इथून पास असलं की केसीईटीला चालतं.

जेईई दिली नाही. फी बघून दाजी नको म्हटले होते.

मिरचीभजी:
सगळे एवढं लिहूलालात, पण चार वर्षांनी पोरगी बाहेर पडेपर्यंत चॅटजीपीटीच सगळं करणार. आमच्या ऑफिसात आताच एक्सेलचं काम त्याला सांगतात.

टिळकवाडीची:
मीही वापरते, रोज. कोड पटापट लिहून देतं, खोटं कशाला बोलू. परवाचंच सांगते. एका सहकाऱ्यानं एआयकडून एसक्यूएल लिहून घेतलं, ऑर्डरचं टेबल आणि पेमेंटचं टेबल जोडलं. क्वेरी एका फटक्यात चालली, रिपोर्ट झाला, महिन्याची विक्री भरघोस वाढलेली. ज्या गिऱ्हाइकानं पैसे दोन हप्त्यांत भरले त्याची ऑर्डर जोडताना दोनदा आली होती. एरर नाही, काही नाही. मी अकाउंट्सकडच्या बेरजेशी ताडून बघितलं म्हणून सापडलं. हे ताडून बघायचं सुचणं हाच आमचा पगार. नुसतं कोड टाईप करणाऱ्यांचं काम कमी होणार, हे मात्र मिरचीभजींचं बरोबर. म्हणूनच तर म्हणते, टूल शिकवणाऱ्या कोर्सपेक्षा गणित घ्या.

त्यावरून आठवलं, पुण्या-बेंगळूरचे 'सहा महिन्यांत डेटा सायंटिस्ट, नोकरीची हमी' वाले क्लास. माझ्या चुलतभावानं कर्ज काढून केला एक. हमी म्हणजे काय, तर त्यांनी पाठवलेल्या इतक्या इंटरव्ह्यूंना हजर राहायचं, एक चुकला की हमी संपली. इंटरव्ह्यू टेलिकॉलिंगचे. कर्जाचे हप्ते काकांनी फेडले.

अजून शिकतोय:
यापेक्षा आयआयटी मद्रासचं ऑनलाईन बीएस बघा की. डेटा सायन्स आणि ॲप्लिकेशन्स, २०२० ला सुरू झालं. मी बीकॉम करत करत करतोय. जेईई लागत नाही. आधी चार आठवड्यांचं क्वालिफायर असतं: गणित, स्टॅटिस्टिक्स, कॉम्प्युटेशनल थिंकिंग, इंग्रजी. व्हिडिओ घरी बघायचे, असाइनमेंट दर आठवड्याला, परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन. एकदम सगळं झालं नाही तरी फाउंडेशन, डिप्लोमा, बीएस्सी अशा पायऱ्यांवर थांबता येतं. कमी उत्पन्नवाल्यांना फीत सवलत आहे. २०२२ पासून युजीसीनं दोन डिग्र्या एकदम करायला परवानगी दिलीय, त्यामुळे कॉलेजबरोबर चालतं.

सोपं समजू नका पण. आमच्या बॅचचे बरेच जण फाउंडेशनलाच गळाले. दर आठवड्याची डेडलाईन असते, आणि गावात कोणी विचारणारं नसतं की बाबा अभ्यास झाला का.

खानापूरचा झेरॉक्सवाला:
जांबोटीच्या पुढं पावसाळ्यात व्हिडिओ कसला बघताय, फोन लागला तर नशीब. कणकुंबीकडचा पाऊस माहीत आहे ना? लाईट गेली की चार-चार दिवस. हॉस्टेलला राहून केलं तर जमेल.

कॉलेजमधला मास्तर:
बरोबर. मुख्य डिग्री कॉलेजात जाऊनच करू दे. ऑनलाईनचं जोडीला, तेही पहिलं वर्ष अंगवळणी पडल्यावर. मराठी माध्यमातून आलेल्या पोरांना पहिलं वर्ष भाषेतच जातं, त्यावर आणखी एक ओझं नको.

बीएस्सीबद्दल राहिलं. कर्नाटकात २०२१ ला आलेली चार वर्षांची पद्धत २०२४ मध्ये मागे घेतली, आता परत तीन वर्षांची डिग्री. म्हणजे बीएस्सी तीन, एमएस्सी दोन. नुसत्या बीएस्सीवर थांबायचं असेल तर या लायनीला अवघड जातं, हे घरात आधीच बोलून घ्या. पुढं शिकायचं असेल तर मात्र ही वाट स्वस्त आणि पक्की. स्टॅटिस्टिक्सला कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ आहे, धारवाड आहे. जॅमची परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी करता येते. आणि इंजिनिअरिंगवाल्यांसाठी गेट परीक्षेत (एमटेकसाठीची) २०२४ पासून डेटा सायन्स-एआयचा वेगळा पेपर आलाय.

टिळकवाडीची:
बीसीएचं कोणी बोललं नाही. कोडिंगची नोकरी पटकन पाहिजे तर ठीक. पण गणित आवडणाऱ्या पोरीला तिथं घालू नका, उपाशी राहील.

आणि गुरुजींनी आयएसआयचं नाव काढलं म्हणून: त्यांनी २०२४ मध्ये चार वर्षांची 'स्टॅटिस्टिकल डेटा सायन्स' डिग्री सुरू केली, बेंगळूरलाही आहे. त्यांचं जुनं बीस्टॅट कोलकात्याचं, त्याची प्रवेश परीक्षा गणिताची आणि कडक. यंदा हुकलं असेल, पण इथले अकरावीचे पालक वाचत असतील तर लिहून ठेवा.

खानापूरचा झेरॉक्सवाला:
गुरुजी, तुमचं गणित काल घातलं. दुकानात बसूनच केली. वाया गेलेल्या झेरॉक्सच्या पाठीमागं एक लाख माणसं धरली. रोगी १००, त्यातले ९९ पॉझिटिव्ह. निरोगी ९९,९००, त्यातले चुकून पॉझिटिव्ह ९९९. एकूण १,०९८, त्यात खरे रोगी ९९. म्हणजे ९ टक्के! मला पटंना. मी म्हटलं चुकलीस, मशीन ९९ टक्के बरोबर म्हणतंय की. तर मलाच समजावून सांगितलं. आणि मग म्हणते, "मामा, पण दवाखान्यात तपासायला येतात ते काय कुणीही नसतात. ताप-बिप आलेलेच येतात. मग हजारात एक कशाला धरायचं?"

मला उत्तर देता आलं नाही. एक गिऱ्हाईक आधारची झेरॉक्स मागूलालता, त्याला तसंच उभं करून दोघं वाद घालत बसलो.

कडोलीचे गुरुजी:
शाब्बास! नऊ टक्के पुष्कळांना येतं. तिनं विचारलं ते फार थोडे विचारतात. माझं मत आता स्टॅटिस्टिक्सला.

उद्यमबाग फौंड्री:
ही पोरगी रजिस्टर कोण लिहितो ते विचारणार. पाठवा आमच्याकडं.

मिरचीभजी:
मी अजून ९९ वरच आहे.

टिळकवाडीची:
मामा, माझंही मन बीएस्सीकडं ओढतंय, पण घरची परिस्थिती, दाजींचं नोकरीचं, बहिणीचं लांब नको, हे सगळं धरलं तर बेळगावातली चांगली सीएस किंवा आयएस वर ठेवा. चार वर्षांत हातात काहीतरी येतं आणि थांबायची वेळ आली तरी अडत नाही. बेळगावात मनासारखं नाही मिळालं तर कुठलीतरी एआय-एमएल घेण्यापेक्षा बीएस्सी, आणि एमएस्सीपर्यंत जाणार हे घरात आजच ठरवून. सीएसला गेली तर मी तिला स्टॅटिस्टिक्सचं काय वाचायचं ते सांगेन, संपर्कातून निरोप पाठवा. मुलीनं विचारलं तर मी उत्तर देते, फक्त मामांनी मध्ये बसायचं नाही.

चिकोडी फास्ट पॅसेंजर:
आणि मॉक अलॉटमेंट, म्हणजे सीटवाटपाची रंगीत तालीम, आली की गडबडून ऑप्शन खालीवर करू नका. त्यात मिळालं ते पक्कं नसतं. दरवर्षी पोरं तिथंच गोंधळतात.

खानापूरचा झेरॉक्सवाला:
ते मला सांगू नको, ते माझं क्षेत्र! बाकी सगळ्यांचं ऐकलं. यादी अशी करतो: बेळगावातली सीएस आणि आयएस वरती, मग हुबळी-धारवाडची. एआय-एमएल फक्त चांगल्या कॉलेजची, ती पण खाली. बीएस्सीचा फॉर्म वेगळा भरून ठेवतो. एमएचटी-सीईटीचं ठरंना. भरू का नको?

निपाणी बाजूला:
यंदाची तारीख निघून गेली नसेल तर भरा, एक वाट उघडी राहते. पण टाईप ईचे कागद आत्ताच बघा. सीमाभागातल्या रहिवासाचा एक आणि मातृभाषा मराठी असल्याचा एक, दोन्ही त्यांच्या ठरलेल्या नमुन्यातच लागतात. माहितीपुस्तिकेच्या शेवटी नमुने असतात, तिथूनच प्रिंट काढा, साध्या लेटरहेडवर लिहून नेलं तर परत पाठवतात. मातृभाषेचा मी शाळेतून घेतला होता. शाळांना सुटी लागायच्या आत सही-शिक्का करून घ्या, मे महिन्यात हेडमास्तर सापडत नाहीत.

खानापूरचा झेरॉक्सवाला:
प्रिंट तर माझ्याकडंच फुकट! उद्या सकाळच्या पहिल्या गाडीनं जातो. त्यांच्या गावची जत्रा चालू आहे म्हणतात, हेडमास्तर शाळेत असले म्हणजे मिळवली.